दगड कापायची जुनी करवत: दुरुस्ती आणि निगा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर, इगतपुरी भागात दगड जमवणारे, कापणारे, पॉलिश करणारे आता बरेच आहेत. त्यांतल्या काहींच्या हाती अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांत बनलेली करवत येते: कुणा नातेवाइकाने कंटेनरमधून पाठवलेली, नाहीतर भंगारात वजनावर मिळालेली. ती घेऊन सातपूरच्या वर्कशॉपात येणारे आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणारे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. स्लॅब सॉ आणि ट्रिम सॉ यांत नेमका फरक काय? माझ्याकडे काय आहे हे कसं ओळखू?

ब्लेड ६ ते १० इंचांचं, वर सपाट टेबल आणि दगड हाताने पुढे सरकवायचा, तर ती ट्रिम सॉ. ब्लेड १२, १४, १८, २४ इंचांचं, दगड शिकंजात धरलेला, शिकंजा रुळावर आपोआप सरकतो आणि वर झाकण, तर ती स्लॅब सॉ. काही १० इंची यंत्रांना दोन्ही सोयी असतात. ब्लेडच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश जाडीचा दगड एका कटात निघतो, म्हणजे १८ इंची ब्लेडवर ६ इंचांपर्यंत. त्यामुळे घरातला सगळ्यात मोठा गारगोटीचा गोळा बघून मोठं यंत्र शोधायला निघू नका. मोठ्या करवतीला तेलही तेवढंच लागतं.

२. भंगारात एक हायलँड पार्कची करवत दिसली आहे. घेऊ का? काय तपासू?

हायलँड पार्क, कव्हिंग्टन, लोरटोन, रेटेक या अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या यंत्रांचं लोखंड बहुधा दणकट असतं. रंग उडालाय, मोटर जळलीय, ब्लेड नाही, याने घाबरू नका, या तिन्ही गोष्टी नाशकात सुटतात. पाहायचं ते वेगळंच. शाफ्ट हाताने फिरवून पाहा, मग आत-बाहेर ओढून पाहा. बेअरिंग बदलता येतं, पण शाफ्टवर बेअरिंगच्या जागी खोल चर पडला असेल तर नवा शाफ्ट लेथवर करून घ्यावा लागेल. शिकंजाची गाडी आहे का, तिचे रूळ सरळ आहेत का, आणि लीड स्क्रू (गाडी सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) जागेवर आहे का, हे बघा. गाडीच नसेल तर सोडून द्या. ओतीव भागांना तडा असेल तर भाव पाडून मागा. भंगारवाला वजनाने देतो, तेव्हा मोटर काढून ठेवायला सांगितली तरी चालते (का, ते प्रश्न ५ मध्ये).

३. सगळीकडे गंज आहे. ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवू का?

टाकीच्या बाहेरून उडवा, पण आधी रंगाचा विचार करा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, रंग काढायचं रसायन लावून ओला खरवडा आणि खपल्या कागदात गोळा करा. शाफ्ट, लीड स्क्रू, गाडीचे रूळ यांना वायर ब्रश लावूच नका.

त्यांच्यासाठी मळी (मोलॅसेस) उत्तम. साखर कारखान्याची मळी एक भाग, पाणी नऊ-दहा भाग, प्लास्टिकच्या पिंपात आठवडा-दोन आठवडे भाग बुडवून ठेवा. वास येतो, माश्या येतात, घरातले बोलतात. पण गंज सुटून येतो आणि खालचं चांगलं लोखंड जवळजवळ तसंच राहतं. घाई असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढता येतो. त्यात दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधी सळई लावा आणि हे काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. ॲल्युमिनियमची पुली किंवा जस्ताचे ओतीव भाग यांतल्या कशातही बुडवायचे नाहीत, खाऊन जातात.

४. टाकी गळते का, हे तेल ओतण्याआधी कसं कळेल?

टाकी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरची जुनी युक्ती आहे. बाहेरून सगळ्या जोडांवर खडूची पूड पाण्यात कालवून फासा आणि वाळू द्या. आतून जोडांना रॉकेल लावा. तासाभराने पांढऱ्यावर जिथे ओला डाग उमटेल तिथे भोक आहे. पाण्याने हे कळत नाही, रॉकेल बारीक फटीतून सहज जातं. ते पूर्ण पुसून, वाळवून, वास गेल्यावरच वेल्डरकडे द्या. पत्रा चाळण झाला असेल तर आतून नवी ट्रे करून बसवणं थिगळं लावण्यापेक्षा परवडतं.

५. मूळ मोटर ११५ व्होल्टची आहे. ट्रान्सफॉर्मर लावून चालवू का?

नको. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. ती मोटर ६० सायकलसाठी केलेली आहे. आपल्या ५० सायकलवर ती १७२५ ऐवजी साधारण १४४० फेऱ्यांनी फिरते आणि तेवढ्याच व्होल्टवर जास्त तापते. स्लॅबचा एकेक कट तासभर चालतो, त्यात जुनं वाइंडिंग शिजतं. आपली सिंगल फेज, चार पोल, १४४० ची मोटर घ्या. मूळ प्लेटवर अर्धा एचपी असेल तर अर्धा किंवा पाऊण एचपी पुरे.

दोन अडचणी येतील. अमेरिकन मोटरचा शाफ्ट बहुधा ५/८ इंची असतो, आपला १९ मिलिमीटर वगैरे, म्हणून जुनी पुली बसणार नाही. पायाची भोकंही जुळत नाहीत. मोटरखाली लांबट भोकांची पट्टी टाका, बेल्ट ताणायची सोय त्यातच होते. अर्थिंग मोटरला आणि करवतीच्या अंगालाही द्या.

६. मोटर बदलल्यावर पुली कुठली लावायची? ब्लेड किती वेगाने फिरायला हवं?

अकीक, जॅस्पर यांसारख्या कठीण दगडासाठी, खाचा असलेल्या पातळ हिऱ्याच्या ब्लेडची कड मिनिटाला साधारण ७०० मीटर गेली पाहिजे. यावरून १० इंची ब्लेडला ९०० च्या आसपास फेरे, १८ इंचीला ५०० आणि २४ इंचीला ३७५ येतात. ब्लेडवर किंवा त्याच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

समजा जुन्या यंत्रात मोटरवर २ इंची आणि आर्बरवर (ब्लेडच्या शाफ्टवर) ७ इंची पुली आहे. १७२५ च्या मोटरवर ब्लेडला ४९३ फेरे मिळत होते. तीच जोडी १४४० वर ४११ देते, म्हणजे कट रेंगाळतो आणि लोक ब्लेडला शिव्या देतात. मोटरची पुली अडीच इंची केली की ५१४ मिळतात. हिशेब एवढाच: मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली भागिले आर्बरची पुली. बेल्ट साधा ए सेक्शन चालतो.

७. शाफ्टला खेळ आहे. बेअरिंग कुठलं मागू?

शाफ्ट व्हर्नियरने मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका. पाऊण इंची शाफ्ट १९.०५ मिलिमीटर असतो आणि साधं यूसीपी २०४ मागितलं तर २० मिलिमीटरचं मिळतं. ते घालायला सोपं जातं, स्क्रू आवळला की घट्टही वाटतं, आणि ब्लेड मात्र लंगडत फिरतं. मधे पत्र्याची चकती घालून भागवू नका. यूसीपी २०४-१२ मागा. शेवटचा १२ म्हणजे इंचाचे १२ सोळांश, अर्थात पाऊण इंच. ५/८ ला २०२-१०, एक इंचाला २०५-१६. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणाला तर कॅटलॉग उघडायला लावा.

बेअरिंगपेक्षा सील महत्त्वाचं. तेलातली दगडाची पूड बेअरिंगला एमरीसारखी घासते. आर्बर भिंतीतून टाकीत शिरतो तिथे फेल्टचा वायसर आणि शाफ्टवर तेल झटकणारी चकती असते, ती दुरुस्तीत हमखास हरवते. हरवली असेल तर नवी करून घ्या. जुन्या यंत्रात बेअरिंगऐवजी पितळी बुश असेल आणि खेळ नसेल तर तसंच राहू द्या, फक्त तेलाचं भोक उघडं ठेवा.

८. हार्डवेअरमधून आणलेला नट दोन आटे जातो आणि अडतो. आटा खराब आहे का?

आटा बरोबर आहे, नट वेगळ्या जातीचा आहे. यंत्रावर अमेरिकन यूएनसी आटे आहेत, तुम्हाला मिळाला बीएसडब्ल्यू, म्हणजे जुना ब्रिटिश आटा. अर्ध्या इंचाला यूएनसीत इंचाला १३ आटे, बीएसडब्ल्यूत १२. म्हणून अडतो. ५/८ ला दोन्हीकडे ११ आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे १० आहेत, त्यामुळे नट जातो, पण आट्याचा कोन ६० आणि ५५ अंश असा वेगळा असतो. गार्डच्या बोल्टला हे चालून जाईल. ब्लेडच्या नटाला नाही, तो टर्नरकडून करून घ्या. आणि पान्ह्यावर पाइप लावण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना, ते पाहा. ब्लेडच्या बाजूला डावे आटे बऱ्याचदा असतात.

९. कट वाकडा येतो, स्लॅब एका टोकाला जाड. नवं ब्लेड घेऊ?

आत्ता नको. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि ब्लेड क्वचितच मुळात दोषी असतं. गाडी ब्लेडला समांतर चालत नसेल तर ब्लेड दगडात वाकून जातं, तापतं आणि ताटलीसारखं खोलगट होतं. नवं आणलं तरी महिन्यात त्याचीही ताटली.

आधी प्लग काढा. शाफ्टला आत-बाहेर खेळ असेल तर इथेच थांबा आणि प्रश्न ७ कडे जा, कारण हलत्या शाफ्टवर केलेलं मोजमाप फुकट. ब्लेड काढून फ्लँजवर (ब्लेडला दोन्हीकडून दाबणाऱ्या चकतीवर) डायल गेज लावा आणि हाताने फिरवा. काटा हलला तर फ्लँज पुसा, वाळलेला गाळ खरवडा. बऱ्याचदा तिथे नखाएवढी खपली चिकटलेली असते आणि कडेवर तिचा परिणाम कैकपटींनी दिसतो.

आता ब्लेड चढवा. डायल शिकंजात धरा. ब्लेडवर, खाचांच्या जरा आत, मार्करने ठिपका द्या. ठिपका पुढच्या बाजूला आणून डायलचं टोक त्यावर टेकवा, शून्य करा. ब्लेड हाताने फिरवून तोच ठिपका मागच्या बाजूला न्या, गाडीही मागे घ्या, टोक पुन्हा त्याच ठिपक्यावर टेकवा. दोन्ही वेळा ठिपका एकच, त्यामुळे ब्लेडचा स्वतःचा बाक हिशेबातून जातो आणि उरतो तो फक्त गाडीचा तिरकेपणा. दोन-तीन थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत आणा. आर्बरच्या पेडस्टलचे (बेअरिंगच्या बैठकीचे) बोल्ट सैल करून एक टोक सरकवा, आवळा, पुन्हा मोजा. आवळताना ते परत हलतं, त्यामुळे संयम ठेवा. डायल नसेल तर शिकंजात टोकदार तार धरून फीलर गेजने मोजता येतं.

पुढे-मागे बरोबर पण मधेच वाकडं येतं, तर रूळ झिजले आहेत. रूळ गोल दांड्यांचे असतील तर मजा आहे. ते वरच्या अंगाने झिजतात. क्लॅम्प सोडून दांडी पाव फेरा फिरवा, कोरं अंग वर येतं. फुकटात.

१०. ब्लेड फिरतं पण कापत नाही, दगडावर नुसतं चमकतं.

हिरे धातूत बुडले आहेत. सिलिकॉन कार्बाइडची कांडी, जुन्या ग्राइंडिंग चाकाचा तुकडा, तेही नसेल तर मऊ लाल वीट शिकंजात धरा आणि नेहमीच्या तेलात दोन-तीन कट घ्या. धातू झिजतो आणि हिरे वर येतात. नुसत्या अकीकावर चालणाऱ्या ब्लेडला हे अधूनमधून लागतंच. कानस लावू नका. ब्लेडवर बाण असेल तर त्याच दिशेने चालवा.

११. टाइल्सच्या दुकानात १४ इंची ब्लेड खूप स्वस्त आहे. तेच लावलं तर?

ती ब्लेडं फार जास्त वेगासाठी असतात, जाड असतात आणि बहुतेकांना तुकड्यातुकड्यांची कड असते. हाताच्या ४ इंची मार्बल कटरचं ब्लेड मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतं, तुमची करवत काही शे. कमी वेगात तुकड्यांच्या फटी दगडाला ठोकत जातात, अकीकाच्या कडा उडतात, आणि जाड कटात निम्मा माल गाळात जातो. उलट दिशेनेही सांगतो: पातळ खाचांचं ब्लेड हाताच्या ग्राइंडरला कधीही लावू नका.

१२. जुन्या पुस्तिकेत रॉकेल आणि मोटर ऑइल लिहिलंय. तेच भरू?

त्या काळी ते चालायचं, डिझेलही चालायचं. आता नको. रॉकेल आणि डिझेल यांची वाफ ३५-४० अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि नाशकात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तेवढं तापमान नुसतं उभं राहिलं तरी असतं. वर झाकणाखाली तेलाचा फवारा आणि शेजारी मोटर. शिवाय तो धूर छातीत जातो, कातडीला खाज सुटते.

हलकं मिनरल ऑइल, ज्याला बाजारात व्हाइट ऑइल किंवा लाइट लिक्विड पॅराफिन म्हणतात, ते घ्या. वास नाही आणि पेट घ्यायचं तापमान दीडशे अंशांच्या घरात. फार घट्ट घेतलं तर गाळ खाली बसत नाही. ट्रान्सफॉर्मर ऑइल सुचवणारे भेटतात. नवं सीलबंद असेल तर एक वेळ ठीक, पण जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं भंगारातलं तेल अजिबात नको, त्यात पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. शेंगदाणा, सरकी वगैरे खाद्यतेलं चिकट होऊन रुळांवर बसतात.

पातळी ब्लेडची कड पाव ते अर्धा इंच बुडेल एवढी.

१३. तेलाचा वैताग येतो. पाणी चालेल का?

ट्रिम सॉला चालेल, गंजरोधक द्रव घालून आणि काम संपताच पाणी काढून, ब्लेड पुसून. स्लॅब सॉला नको. त्यात ब्लेड तासन्‌तास दगडात असतं, पाण्याने ते लवकर झिजतं आणि रूळ गंजतात. सच्छिद्र दगड तेल पितात आणि डागाळतात, त्यांच्यासाठी मात्र पाणीच. कापलेले अकीकाचे स्लॅब लाकडाच्या भुशात घोळून मग धुण्याच्या पावडरीने धुतले की तेल जातं.

१४. टाकीतल्या गाळाचं काय करायचं?

गाळ जाड कापडात किंवा एकात एक घातलेल्या कागदी पिशव्यांत भरून बादलीवर टांगा. काही दिवसांत बरंच तेल गळून परत मिळतं. उरलेला लगदा नाल्यात, गटारीत टाकायचा नाही, तो शेवटी गोदावरीत जातो. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं, म्हणून ते अधिकृत रीसायकलरकडेच द्यावं. ओळखीच्या गॅरेजवाल्याचं तेल असा कुणी उचलत असेल तर त्यात सामील व्हा.

ओल्या गाळापेक्षा वाळलेला वाईट. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस किती पसरला, हे डॉक्टरांनी अनेकदा मांडलं आहे. वाळलेला गाळ झाडूने लोटू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, एन-९५ मास्क लावा.

१५. गाडी मधेच थांबते, स्क्रू फिरत राहतो.

अर्धा नट, म्हणजे लीड स्क्रूवर बसून गाडी ओढणारा नट, झिजला आहे. तो पितळेचा किंवा गनमेटलचा असतो आणि मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे स्क्रू वाचावा. टर्नरला स्क्रू सोबत न्या, नुसता जुना नट नेऊन काम होत नाही. नवा नट लोखंडाचा करू म्हणाला तर नाही म्हणा. क्लचमुळे थांबत असेल तर आधी तेल पुसा, मग हळू आवळा. क्लचने अडकल्यावर घसरणं हेच त्याचं काम आहे. वजन आणि दोरीवर चालणाऱ्या गाड्यांत दोष सहसा वजनात नसतो, चाकात साचलेल्या गाळात असतो. वजन वाढवू नका, चाकं धुवा.

१६. कट चालू असताना लाईट जाते. काही धोका?

जाण्यात नाही, येण्यात आहे. ब्लेड दगडात अडकलेलं असतं, गाडी दाबून बसलेली असते, आणि साध्या स्विचवर मोटर अचानक सुरू होते. ब्लेड वाकतं, कधी दगड शिकंजातून सुटतो. तुम्ही तेवढ्यात झाकण उघडून डोकावत असाल तर पुढचं सांगायला नको. डीओएल स्टार्टर लावा. लाईट गेली की त्याची कॉइल सुटते आणि बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला लोक ‘ऑटो’ लावतात, ते इथे चालणार नाही. लाईट आल्यावर आधी गाडी थोडी मागे घ्या, मग सुरू करा. कट संपल्यावर बंद करणारा लिमिट स्विच जुन्या यंत्रांत बहुधा मेलेला असतो, तोही याच वेळी बदला.

१७. खाणीतून स्टिल्बाइट, ॲपोफिलाइटचे गोळे मिळाले आहेत. करवतीत कापू का?

स्फटिक कापायचे नसतात. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतले हे झिओलाइट आणि त्यांच्या सोबतची खनिजं मऊ असतात. मोह्सच्या मापावर स्टिल्बाइटची कठिणता साडेतीन-चार, ॲपोफिलाइटची साडेचार-पाच, अकीकाची साडेसहा-सात. शिवाय ते ठरावीक पातळीवर फटकन सुटतात आणि तेल त्यांच्या फटींत शिरलं की निघत नाही. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या. नमुन्याची किंमत अखंड स्फटिकांत आहे, हे तिथे समोरच दिसतं.

मागचा जादा बेसाल्ट काढून नमुना बसता करायचा असेल तर कापा, पण पाण्यावर, स्फटिकांची बाजू शिकंजाच्या दाबाबाहेर ठेवून. पोकळी कडेपर्यंत आली असेल तर छिन्नी-हातोडीवाल्या जुन्या माणसाकडे द्या, तो करवतीपेक्षा भरवशाचा.

१८. गोल किंवा वेडावाकडा दगड शिकंजात बसत नाही.

शिकंजाच्या जबड्यांना लाकूड लावलेलं असतं, ते झिजलं असेल तर बाभळीच्या फळ्या लावा. तरीही दगड हलत असेल तर तो लाकडी ठोकळ्यावर प्लास्टरमध्ये बसवा, पूर्ण सुकू द्या आणि ठोकळा शिकंजात धरा. कटाच्या मध्यात हललेला दगड ब्लेडचा घात करतो. ब्लेड जिथे शिरणार तो भाग उतरता असेल तर ते घसरून वाकतं, म्हणून त्या जागी ग्राइंडरने आधी छोटी सपाट जागा करा.

१९. मूळ रंग ठेवू की नवा देऊ?

गंज थांबला असेल आणि नावाची पाटी शाबूत असेल तर मूळ रंग ठेवा. इथे लोक पहिले पैसे रंगावर आणि शेवटचे स्टार्टरवर घालतात, मला ते उलटं हवं. टाकीच्या आत रंग देऊच नका, तेलाने फुगून खपल्या सुटतात आणि गाळात मिसळतात.

२०. पावसाळ्यात चार महिने करवत बंद असते. काय करून ठेवू?

तेल काढून गाळून कॅनमध्ये झाकून ठेवा. टाकीतला गाळ ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंट होतो. ब्लेड काढून पुसा, तेलाचा हात द्या, आणि आडवं सपाट ठेवा किंवा मधल्या भोकातून खुंटीला टांगा. भिंतीला तिरकं टेकवलेलं ब्लेड हळूहळू बाक घेतं. बेल्ट सैल करा. रूळ आणि लीड स्क्रू यांना ग्रीस फासा, पण सुरू करण्याआधी ते पूर्ण पुसून काढा, कारण ग्रीसमध्ये पूड अडकते. इगतपुरी-त्र्यंबककडे हवा जास्त दमट, तिथे महिन्यातून एकदा झाकण उघडून शाफ्ट हाताने दोन-चार फेरे फिरवावा आणि पुन्हा बंद करावं.